युरियाचा ड्रम गार का पडतो?

जळगाव जिल्ह्यात चोपडा-यावलकडे केळीला ड्रिपमधून खत सोडणाऱ्या कोणालाही विचारा. ड्रममध्ये दीडशे लिटर पाणी घेतलं, युरियाची गोणी त्यात रिकामी केली आणि काठीने ढवळलं, की ड्रमला बाहेरून हात लावला तरी गारवा जाणवतो. वर ऊन चाळीसच्या पुढे, ड्रम उन्हातच उभा. ‘गार कसं काय पडलं भो?’ असं कोणी विचारलंच, तर बारावी सायन्स झालेला पोरगा सांगतो, ‘एन्डोथर्मिक आहे,’ म्हणजे उष्णता शोषणारी क्रिया. त्यापुढे विचारलं की गप्प. त्याचा दोष नाही. त्याला नाव शिकवलं, चिन्ह शिकवलं, पाच मार्कांचं गणित सोडवायचं सूत्र शिकवलं. उष्णता कोणाकडून गेली आणि कोणाकडे गेली, एवढंच विचारायचं राहून गेलं.

तेच आधी विचारू. युरिया पाण्यात विरघळायचा, तर त्याच्या दाण्यातले रेणू एकमेकांपासून सुटे व्हायला हवेत. ते एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून बसलेले असतात आणि बंध तोडायला ऊर्जा लागतेच. बंध तुटल्यावर ऊर्जा बाहेर पडते, असं कित्येक मुलं परीक्षेत लिहितात. ते साफ उलटं आहे. तोडायला खर्च होतो, जुळताना मिळकत होते. सुट्या झालेल्या युरियाच्या रेणूंभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, नवे बंध जुळतात, तेव्हा थोडी ऊर्जा परत येते. पण युरियाच्या बाबतीत मिळकत खर्चाला पुरत नाही. उरलेली तूट आजूबाजूला जे असेल त्यातून भरून निघते, आणि सगळ्यात जवळ असतं ते पाणी. त्याची उष्णता जाते, त्याचं तापमान उतरतं.

अधिक लिहायचं की वजा, हा चिन्हाचा घोळही इथेच सुटतो. विरघळण्याची क्रिया ही आपली ‘प्रणाली’, आणि पाणी, ड्रम, हवा, आपला हात हा तिचा ‘परिसर’. चिन्ह नेहमी प्रणालीच्या बाजूने लिहायचं. युरियाच्या पदरात उष्णता पडली म्हणून अधिक. हाताला गार लागतं, कारण हात परिसरात आहे. गार लागलं म्हणून वजा लिहिणारा मुलगा विचार करतच नाही असं नाही, तो फक्त चुकीच्या बाजूला उभा राहून विचार करतो.

हे अधिक-वजा ज्या राशीच्या बदलाला लावतात, ती एन्थाल्पी म्हणजे काय? एखाद्या पदार्थात एकूण किती ऊर्जा साठली आहे, हे मोजायची सोय नाही. शेतातल्या जुन्या विहिरीचा तळ कोणी पाहिलेला नसतो, पण पाणी दोन पायऱ्या चढलं की एक उतरलं, हे कोणीही सांगू शकतं. एन्थाल्पीचं तसंच आहे. किती आहे हे कळत नाही, किती बदलली हे कळतं, आणि त्या बदलालाच ‘डेल्टा एच’ म्हणतात. तळ सापडत नाही म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी एक पायरी शून्य धरली: मूलद्रव्य आपल्या सर्वांत स्थिर रूपात, १ बार दाबाला. ऑक्सिजन वायू शून्य, ग्रॅफाइट शून्य. पुस्तकातले आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसचे असतात. ते तापमान आपल्याकडे मे महिन्यात पहाटेसुद्धा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

‘उष्णता’ असाच शब्द का वापरत नाहीत? कारण उघड्या भांड्यातली क्रिया हवेच्या दाबाखाली चालते. लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकला की कार्बन डायऑक्साइड फसफसून वर येतो, आणि वर यायचं तर त्याला डोक्यावरची हवा बाजूला सारावी लागते. ते काम आहे, त्यालाही ऊर्जा लागते. एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या असलेलं माप) वायूमागे २५ अंशांना साधारण अडीच किलोज्यूल. एन्थाल्पीच्या व्याख्येत आतल्या ऊर्जेत दाब आणि आकारमानाचा गुणाकार मिळवलेला असतो तो याचसाठी. त्यामुळे दाब स्थिर असेल तर एक सोय होते: जितकी उष्णता आत-बाहेर झाली तितकाच एन्थाल्पीचा बदल. हवेला ढकलण्याचा हिशोब वेगळा मांडावा लागत नाही. शाळेतला प्रत्येक प्रयोग उघड्या भांड्यात होतो, म्हणून शाळेत एन्थाल्पी.

मोजायचं मात्र पाण्यावरूनच. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल लागतात. हीच पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. तांब्याची ०.३९, लोखंडाची ०.४५. म्हणजे पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं, आणि त्याच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला तर त्यामागे बरीच उष्णता हललेली असते. वस्तुमान, विशिष्ट उष्माधारकता आणि तापमानातला फरक, या तिघांचा गुणाकार केला की झाली मोजणी. कॅलरीमापी म्हणजे हे पाणी बाहेरच्या हवेपासून सांभाळून ठेवणारं भांडं, बाकी काही नाही.

घरी करून पाहता येतं. चहाचे दोन कागदी कप एकात एक घाला, तो जोड एका मोठ्या ग्लासात ठेवा आणि मधल्या जागेत कापूस दाबून भरा. कापसाची आपल्याकडे काय कमी? वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला थर्मामीटरपुरतं भोक. ताप पाहायचा थर्मामीटर चालत नाही, प्रयोगशाळेतला हवा. आत १०० ग्रॅम पाणी आणि त्यात १० ग्रॅम कोरडा, मोकळा युरिया. दमट होऊन गोळे झालेला घेऊ नका, विरघळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाहेरची उष्णता आत शिरते.

समजा पारा ३० वरून २४.८ वर आला. फरक ५.२ अंश. वस्तुमान ११० ग्रॅम धरायचं, कारण युरियाही आता त्या द्रावणातच आहे. ११० × ४.१८ × ५.२ म्हणजे सुमारे २,३९० ज्यूल. युरियाचा एक मोल ६० ग्रॅमचा, म्हणजे आपले १० ग्रॅम झाले एक षष्ठांश मोल. २,३९० ला ६ ने गुणा: १४,३४० ज्यूल, म्हणजे मोलमागे अधिक १४.३ किलोज्यूल. पुस्तकातला आकडा १५ च्या आसपास आहे. कागदी कपातून एवढं जवळ पोहोचता येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

याच आकड्याने ड्रमकडे पाहा. गोणी ४५ किलोची, म्हणजे ७५० मोल. गुणिले १५, झाले ११,२५० किलोज्यूल. पाणी आणि युरिया मिळून १९५ किलो. कागदावर तेरा-चौदा अंशांची घट निघते. शेतात ती कमी भरते, कारण ड्रमच्या पत्र्यातून ऊन आत येतच असतं, आणि इतक्या दाट द्रावणात मोलमागे लागणारी उष्णताही जराशी घटते.

कपातला आकडा १५ ऐवजी १४.३ का आला? प्रात्यक्षिकाच्या वहीत यावर एकच छापील ओळ सापडते: ‘उष्णतेचा ऱ्हास झाल्यामुळे.’ इथे ऱ्हास झालाच नाही, उलट उष्णता आत आली. पाणी खोलीपेक्षा गार झाल्यावर खोलीने ते परत तापवायला घेतलं, म्हणून पारा खरोखर उतरायला हवा होता तितका उतरला नाही. दुसरीकडे, द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता आपण शुद्ध पाण्याएवढी धरली. युरियाच्या द्रावणाची ती थोडी कमी असते, म्हणजे त्या बाजूने आपला हिशोब जास्तीचा झाला. दोन चुका उलट दिशांनी ओढतात. कधीकधी त्या इतक्या नेमक्या फिटतात की उत्तर पुस्तकाबरहुकूम येतं आणि मुलगा खूश होतो. अशा उत्तराला पूर्ण मार्क द्यावेत का, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बाहेरून येणाऱ्या उष्णतेवर दोन उपाय आहेत. पहिला आलेखाचा. युरिया टाकण्याआधी चार-पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहीत राहायचं, टाकल्यावरही तसंच. मग आधीची रेघ पुढे वाढवायची, नंतरची रेघ मागे वाढवायची, आणि युरिया टाकला त्या क्षणाला दोन्हींमधलं उभं अंतर मोजायचं. तो खरा फरक. दुसरा उपाय चलाखीचा आहे आणि खान्देशातल्या उन्हाळ्यासाठीच बनल्यासारखा आहे. खोली ४२ अंशांवर असेल तर पाणी माठातलं न घेता ४४-४५ चं घ्यायचं. सुरुवातीला पाणी खोलीपेक्षा गरम, शेवटी तेवढंच गार. आधी थोडी उष्णता बाहेर जाते, नंतर जवळपास तितकीच आत येते. असं पाणी मुद्दाम तापवावं लागत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला की पुरे.

शाळेतला तांब्याचा कॅलरीमापी घेतला तर आणखी एक गोष्ट हिशोबात घ्यावी लागते: भांडंही तापतं-निवतं. ६० ग्रॅमचं तांब्याचं भांडं अंशामागे २३ ज्यूल घेतं, म्हणजे साडेपाच ग्रॅम पाण्याइतकं. ते पाण्याच्या वस्तुमानात मिळवून टाकलं की झालं.

आम्ल आणि आम्लारीच्या उदासीनीकरणावर फार वेळ घालवत नाही, पण परीक्षेतला एक सापळा सांगायला हवा. एक मोलर, म्हणजे लिटरमागे एक मोल असलेलं, हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली आणि तेवढंच, तितक्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र केलं, की तापमान सुमारे ६.८ अंशांनी चढतं. दोन्ही १०० मिली घेतले तर? अर्धा वर्ग १३.६ म्हणतो. उत्तर पुन्हा ६.८ च. उष्णता दुप्पट झाली, पण ती वाटून घेणारं पाणीही दुप्पट झालं. तापमान आणि उष्णता वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य घोकण्यापेक्षा हे एक गणित करावं. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल घेतलं तरी मोलमागे सुमारे ५७ किलोज्यूलच बाहेर पडतात, कारण खरी अभिक्रिया एकच: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी.

आता चुन्याकडे येऊ, कारण हेसचा नियम शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. पुस्तकं कोळसा आणि कार्बन मोनॉक्साइड घेतात. ते बरोबरच आहे, पण कार्बन मोनॉक्साइड कोणी हाताळलेला नसतो. चुना विरवताना बहुतेकांनी पाहिलेला असतो. पूर्वी दिवाळीआधी घराला पांढरा रंग द्यायला, अजूनही बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) करायला कळीचा चुना पाण्यात टाकतात. खडे आधी नुसते भिजतात, मग तडकतात, फुगतात, आणि बघता बघता पाणी खदखदायला लागतं. लहान पोरांना लांब उभं करतात ते उगाच नाही. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. कपातला प्रयोग चुन्यावर करू नका.

कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. पाण्याशी संयोग होऊन त्याचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनतं आणि मोलमागे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. मोल ५६ ग्रॅमचा, म्हणजे एक किलो शुद्ध चुन्यातून ११६० किलोज्यूल. उष्णता कुठेच सांडली नाही तर तीस अंशांवरचं जवळपास चार लिटर पाणी उकळीला येईल एवढी. प्रत्यक्षात चुना शुद्ध नसतो आणि वाफ भरपूर उठते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला २.२६ किलोज्यूल लागतात, म्हणून बरीच उष्णता वाफेवाटे निघून जाते आणि थर्मामीटरला तिचा पत्ता लागत नाही.

पण ही उष्णता चुन्यात आली कुठून? चुनखडी भट्टीत भाजली तेव्हा. कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हाकलून कॅल्शियम ऑक्साइड मिळवायला मोलमागे १७८ किलोज्यूल घालावे लागतात. विरवताना त्यातले ६५ परत मिळाले. राहिले ११३. ते भिंतीवर मिळतात. भिंतीला लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पाणी सोडतो, आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होऊन घट्ट बसतो. या अभिक्रियेची एन्थाल्पी मोलमागे वजा ११३ किलोज्यूल. ६५ आणि ११३ मिळून १७८, भट्टीने घातले तेवढेच. भिंत गरम लागत नाही, कारण हे काम कितीतरी दिवस सावकाश चालतं आणि उष्णता निघेल तशी हवेत जाते.

हेसचा नियम एवढाच आहे: सुरुवात आणि शेवट ठरलेले असले की मधे कोणत्या वाटेने गेलात याने एन्थाल्पीचा एकूण बदल ठरत नाही. चुनखडीपासून निघून चुनखडीपाशीच परत आलात तर बेरीज शून्य. जर्मेन हेस जिनिव्हात जन्मला आणि रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करत होता. त्याने हा नियम १८४० मध्ये मांडला, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सर्वमान्य होण्याआधी. ज्यूलचे मोठे प्रयोग त्यानंतरचे आहेत. हेसने नुसतं मोजून मोजून ही गोष्ट हेरली. आणि तिचा उपयोग मोठा आहे. चुना भिंतीवर बसताना सुटणारी उष्णता कोणत्या कॅलरीमापीत मोजणार? महिनाभर थर्मामीटर धरून बसणार का? भट्टीचा आकडा आणि विरवण्याचा आकडा माहीत असले की तिसरा नुसत्या वजाबाकीने निघतो.

ज्वलनाची एन्थाल्पी मोजायला शाळेत स्पिरिटचा दिवा आणि वर पाण्याचं भांडं ठेवतात. इथे मात्र ‘उष्णतेचा ऱ्हास’ ही ओळ खरी असते. इथेनॉलचा मोलमागचा १३६७ किलोज्यूलचा आकडा त्या जुगाडातून कधीच हाती लागत नाही. अर्धी उष्णता भांड्याच्या कडेने वर जाते, बुडाला काजळी धरली असेल तर ज्वलनही अपुरं झालेलं असतं. म्हणून बाँब कॅलरीमापी: जाड पोलादाचं बंद भांडं, आत दाबाने भरलेला ऑक्सिजन, विजेच्या तारेने पेटवलेला नमुना, आणि अख्खं भांडं पाण्यात बुडालेलं. निसटायला जागाच नाही. फक्त इथे आकारमान स्थिर असतं, दाब नव्हे, म्हणून मिळतो तो आंतरिक ऊर्जेचा बदल, आणि एन्थाल्पी काढायला वायूंच्या मोलमधला फरक हिशोबात घ्यावा लागतो. ग्लुकोजच्या बाबतीत ती कटकटही नाही. ऑक्सिजनचे सहा मोल आत, कार्बन डायऑक्साइडचे सहा मोल बाहेर, फरक शून्य. आकडा: मोलमागे वजा २८०३ किलोज्यूल.

हा आकडा आपल्याकडे रोज वापरात आहे, रावेर-सावद्याच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोल्यांमध्ये. झाडावरून उतरवलेलं केळं श्वसन करत असतं: साखर आणि ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता. इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडून पिकवायला लावलं की हा वेग एकदम चढतो. श्वसन म्हणजे संथ ज्वलनच, हे लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात मोजून दाखवलं होतं. बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवायचा आणि किती बर्फ वितळला ते पाहायचं. मग तितकाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळून बर्फ वितळवायचा. दोन्हींचं माप जवळपास जुळलं. बाहेर कडाक्याची थंडी असल्याशिवाय ते यंत्र नीट चालत नसे, तेव्हा भुसावळात त्यांचा निभाव लागला नसता.

ग्लुकोजचे २८०३ किलोज्यूल कार्बन डायऑक्साइडच्या २६४ ग्रॅमवर वाटले की ग्रॅममागे १०.६ किलोज्यूल येतात. आता समजा चेंबरमध्ये १० टन माल आहे आणि पिकताना प्रत्येक किलोमागे तासाला १०० मिलिग्रॅम वायू सुटतो. तासाला एक किलो वायू झाला, म्हणजे १०,६०० किलोज्यूल. सेकंदावर आणा: जवळपास ३ किलोवॅट. बंद खोलीत ३ किलोवॅटचा गीझर दिवसरात्र चालू ठेवावा, एवढी उष्णता केळी स्वतःच बनवतात. कूलिंगची यंत्रणा बसवणारा माणूस भिंतीतून झिरपणाऱ्या उन्हाबरोबर हाही आकडा धरतो. न धरला तर माल आतून तापतो, गर नरम पडतो आणि साल मात्र हिरवीच राहते.

बॉक्सला भोकं आणि थप्प्यांमध्ये फटी ठेवतात त्या यासाठीच. गारवा भिंतीला लागून उपयोग नाही, उष्णता बॉक्सच्या मधोमध तयार होते आणि हवा तिथपर्यंत पोहोचायला हवी. म्हणून जाणकार ऑपरेटर खोलीच्या तापमानाच्या काट्यावर विसंबत नाही. तो एका बॉक्समधलं केळं घेतो, टोकदार थर्मामीटर सालीतून थेट गरात खुपसतो आणि तो आकडा वहीत लिहितो. हवेपेक्षा गर दोन-तीन अंशांनी गरम निघाला तर पंखा वाढवायचा.